हृदयाची पट्टी काढताना

माझे थोरले बंधू वारले, त्याला आता नऊ वर्षे झाली. मे महिना होता. तेंदूपानाचा हंगाम जोरात चालू होता. दादा फळीवर हिशेब लिहीत. त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, ते छातीवर हात ठेवूनच. म्हणाले, "छातीवर धानाचा कट्टा ठेवल्यावानी वाटते." अंगाला दरदरून घाम सुटला होता. वैनीने ओव्याचे पाणी दिले. मग सोडा दिला. "पित्त झालं असन," असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

रात्री आठच्या सुमारास मला राहवेना. मी म्हटले, "दादा, ग्रामीण रुग्णालयात जाऊ. तिथं छातीची पट्टी काढतात."

दादा म्हणाले, "नाही गा. ते अंगाले तार लावतेत, करंट देतेत. दुखणाऱ्या छातीले आनखी करंट कायले लावा?"

मी शाळेचा हेडमास्तर. छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. पण त्या यंत्रातून अंगात करंट जातो की जात नाही, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून दादांना उत्तर देता आले नाही. मी म्हटले, "बरं, मग उद्या सकाळी जाऊ."

ती सकाळ दादांनी पाहिली नाही.

पट्टी काढली असती तर दादा नक्की वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण दुखणे पित्ताचे आहे की काळजाचे आहे, हे त्या रात्रीच कळले असते. पुढे माझ्यावरही पट्टी काढण्याची वेळ आली. तेव्हा मी पट्टी काढणाऱ्या भाऊंना आणि डॉक्टरांना पुष्कळ प्रश्न विचारले. घरी येऊन पुस्तकेही पाहिली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण जे कळले ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. हे यंत्र तुमच्या अंगात वीज सोडत नाही. मुळीच सोडत नाही. उलट तुमच्याच हृदयात जी अगदी बारीकशी वीज असते, ती हे यंत्र टिपून घेते आणि कागदावर तिची रेघ काढते. डॉक्टर नाडी पाहतात तेव्हा नाडीत काही घालत नाहीत, फक्त बोटाने चाचपतात. हे तसेच आहे. येथे बोटाच्या जागी तार असते, एवढाच फरक.

तुम्ही विचाराल, माणसाच्या छातीत वीज कोठून आली? नवल वाटते खरे. पण ही वीज खांबावरच्या तारेतली नव्हे. ती इतकी थोडी असते की आपल्याला कधी जाणवतही नाही.

आपले हृदय आपल्याच मुठीएवढे असते. ते मांसाचे आहे आणि आतून पोकळ आहे. त्यात चार खोल्या आहेत, वर दोन आणि खाली दोन. हृदय आवळते आणि सैल होते. आवळले की रक्त पुढे ढकलले जाते. हातपंपाचा दांडा दाबला की पाणी येते, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की हातपंप मारणारा माणूस दमतो आणि थांबतो. हृदयाला थांबता येत नाही. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर दिवसाला एक लाखावर ठोके होतात. गुणाकार करून पाहा. 70 गुणिले 60 गुणिले 24.

हे आवळणे आपोआप होत नाही. त्याला आधी हुकूम लागतो. उजव्या बाजूच्या वरच्या खोलीत एक लहानशी जागा आहे. तेथून विजेची एक बारीक लहर निघते. गावात कोतवाल दवंडी देत निघतो, तशी ही लहर निघते. आधी ती वरच्या दोन खोल्यांत फिरते. त्या आवळतात. मग लहर मधल्या फाटकाशी क्षणभर थांबते, म्हणजे खालच्या खोल्या रक्ताने भरायला वेळ मिळतो. मग ती भरभर खाली पसरते आणि खालच्या दोन मोठ्या खोल्या जोराने आवळतात. झाला एक ठोका. हे सारे एका सेकंदाच्या आत होते. ही दवंडी कशी फिरली, कोठे अडली, कोठे पोचलीच नाही, ते यंत्र कागदावर उतरवते. त्या कागदालाच आपण पट्टी म्हणतो. दवाखान्यात तिला ईसीजी म्हणतात. कोणी कार्डिओग्राम म्हणतात. सगळे एकच.

करंटची भीती आपल्याच गावच्या लोकांना वाटते असे समजू नका. विलायतेतल्या शहाण्या लोकांनाही ती वाटली होती. लंडनला वॉलर नावाचे एक प्राध्यापक होते. माणसाच्या हृदयाची वीज टिपून दाखवण्याचे काम त्यांनी 1887 साली पहिल्याने केले. त्यांच्याकडे जिमी नावाचा कुत्रा होता. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते त्याच्या हृदयाचे ठोके लोकांना यंत्रावर दाखवीत. कुत्रा गुमान उभा राही. 1909 साली हा प्रयोग लोकांनी पाहिला आणि काहींना वाटले, मुक्या जनावराचे हाल चालले आहेत. गोष्ट थेट तिकडच्या पार्लमेंटात गेली. तेव्हा सरकारच्या मंत्र्याने उत्तर दिले की, ते नुसते मिठाचे पाणी आहे. समुद्रात पाय बुडवून उभे राहिल्यावर जेवढे वाटते, तेवढेच त्या कुत्र्याला वाटत असेल!

या कामाला खरे रूप दिले ते हॉलंड देशातल्या आइन्टहोव्हेन या डॉक्टरांनी. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी एक यंत्र तयार केले. ते पावणेतीनशे किलोच्या घरात वजनाचे होते. ते चालवायला पाच माणसे लागत. रोग्याला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावे लागे. एवढे मोठे यंत्र दवाखान्यात नेता येईना. तेव्हा त्यांनी काय केले? 1905 साली दवाखान्यापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार वापरली. अंतर दीड किलोमीटर. रोगी तिकडे आणि त्याची रेघ इकडे! या कामासाठी त्यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच यंत्र पिशवीत मावते. बादल्या गेल्या, त्यांच्या जागी चिमटे आणि चिकट चकत्या आल्या.

आता पट्टी काढायला गेल्यावर काय काय होते ते पाहू.

उपाशी जाण्याची गरज नाही. जेवून गेले तरी चालते. रोजच्या गोळ्या असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मात्र त्या दिवशी छातीला तेल किंवा बाम चोळू नका. आपल्याकडे छाती दुखली की आधी बामची डबी शोधतात. अंग तेलकट असले की चकत्या चिकटत नाहीत आणि रेघ नीट येत नाही. आधीच चोळले असेल तर घाबरू नका. नर्सबाई पुसून घेतील. छातीत जोराने दुखत असेल तर अंग पुसत, आंघोळ करत घरी बसूच नका. जसे आहात तसे निघा.

पायी किंवा सायकलने गेला असाल तर पाच मिनिटे स्वस्थ बसा. नाहीतर धापेचे ठोके कागदावर येतील.

मग आत पलंगावर उताणे निजायला सांगतात. सदरा, बनियन काढायला लावतात. मनगटे आणि घोटे उघडे करायला लावतात. घड्याळ, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवायला सांगतात. धातू अंगावर असला म्हणून काही भय नसते. चिमट्याच्या जागेत तो आडवा येतो, म्हणून काढायचा. हातात काढता न येणारे कडे किंवा बांगड्या असतील तर तसे सांगावे. चिमटा थोडा वर लावता येतो. गोंदणाने काहीही बिघडत नाही. पुरुषांच्या छातीवर दाट केस असतील तर कधी कधी तेवढ्या जागेचे केस वस्ताऱ्याने काढतात.

एकूण दहा जागी चिमटे किंवा चकत्या लावतात. दोन हातांना दोन. दोन पायांना दोन. छातीवर सहा, त्या मधोमधपासून डाव्या काखेखालपर्यंत. आधी त्या जागी पाणी किंवा बुळबुळीत मलम लावतात. ते गार लागते. काही ठिकाणी छातीवर रबराचे लहान फुगे बसवतात. ते दाबून सोडले की कातडीला ओढ बसते, जळू लागल्यासारखी. दुखत नाही, पण नवख्याला दचकायला होते. फुगा काढल्यावर गोल लाल वण दिसतो. तो थोड्या वेळाने जातो. हा वण पाहूनच "करंटने भाजले" अशी बातमी गावात पसरते, असा माझा अंदाज आहे.

बायांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. चकत्या डाव्या छातीच्या खाली आणि बाजूला लावाव्या लागतात. त्यासाठी पोलक्याच्या गुंड्या सोडाव्या लागतात. या एका लाजेपायी पुष्कळ बाया पट्टी काढायला नाही म्हणतात. पण नर्सबाईंकडून पट्टी काढून घ्या, असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. पुरुष माणूस पट्टी काढणार असेल तर एक बाई तेथे उभी राहावी, असे म्हणता येते. वरून चादर किंवा लुगड्याचा पदर घेता येतो. दार किंवा पडदा लावून घ्या, असे सांगता येते. यात उद्धटपणा काही नाही. सोबत सून, लेक, नाहीतर आशाताई न्यावी. पुढे बटण असलेले पोलके घालून गेले तर सोयीचे पडते.

सगळ्या तारा लागल्या की सांगतात, "हलू नका, बोलू नका." श्वास नेहमीसारखा घ्यायचा. मुठी आवळायच्या नाहीत. थंडीने अंग कापत असेल तर पांघरूण मागून घ्यावे, कारण कापण्याची रेघही कागदावर उमटते आणि खरी रेघ तिच्यात हरवते. यंत्र हृदयाची रेघ काही सेकंदांतच घेते. तारा लावण्या-काढण्यासह सगळे मिळून पाच-दहा मिनिटांचे काम. अंगाला काहीही जाणवत नाही. मी तर वाट पाहत होतो, आता सुरू होईल, मग सुरू होईल. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "उठा गुरुजी, झालं." मी विचारले, "काढली कधी?"

पट्टी काढल्यावर अंगात काही उरत नाही. हा क्ष-किरणाचा फोटो नव्हे. गरोदर बाईचीही पट्टी काढता येते. लहान लेकराचीही काढता येते. एका दिवसात चार वेळा काढली तरी अपाय नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचे काम आहे.

आता कागद हातात घ्या. तुम्ही अक्षरे वाचायला शिकला आहात. ही रेघही थोडी वाचून पाहू.

कागदावर बारीक चौकोन छापलेले असतात. बारीक चौकोन एक मिलिमीटरचा. पाच बारीक चौकोन मिळून एक मोठा चौकोन, त्याच्या कडा जाड असतात. त्यावर रेघ चालते. आधी लहानसा उंचवटा येतो. ती वरच्या खोल्यांची लहर. मग एकदम उंच टोकदार सुळका येतो. ती खालच्या मोठ्या खोल्यांची लहर. त्यानंतर एक बसकी टेकडी. म्हणजे हृदय पुन्हा पुढच्या ठोक्यासाठी तयार होत आहे. मग सपाट रेघ. मग पुन्हा तेच.

कागद साधारणपणे सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे सेकंदाला पाच मोठे चौकोन आणि मिनिटाला 300. आता एका सुळक्यापासून दुसऱ्या सुळक्यापर्यंत किती मोठे चौकोन आहेत ते मोजा. समजा, चार आले. 300 ला 4 ने भागा. उत्तर 75. म्हणजे हृदय मिनिटाला 75 ठोके देत आहे. पाच आले तर 60. तीन आले तर 100. मोठ्या माणसाचे स्वस्थ असताना 60 ते 100 ठोके असणे हे सामान्य समजतात. शेतात राबणाऱ्या दणकट माणसाचे कधी 60 हून थोडे कमीही असतात. सगळे सुळके सारख्या अंतरावर आहेत का, तेही पाहता येते. रोवणी करताना दोरी धरून लावलेल्या रोपांसारखे अंतर सारखे असावे. वेडेवाकडे असेल तर ठोक्यांचा ताल बिघडलेला असू शकतो.

एवढे मोजणे तुम्हाला जमले तर मला मास्तर म्हणून आनंद आहे. पण याच्यापुढे जाऊन कोणी स्वतःच रोग ठरवू नये. कागदावर वर यंत्रच कधी इंग्रजीत दोन ओळी छापते. त्या ओळी वाचून कोणी शिकलेला पोरगा "तुमच्या हार्टमध्ये गडबड आहे" असे म्हणतो. त्या ओळी यंत्राने अंदाजाने काढलेल्या असतात. त्या चुकतात. डॉक्टरांनी रेघ पाहून, तुम्हाला तपासून सांगितले तेच खरे.

कागदावर एकाच हृदयाच्या बारा रेघा असतात. माझ्या मनात आले, हृदय एक, तर रेघा बारा कशाला? डॉक्टरांनी सांगितले ते मला फार पटले. घर एकच असते. पण समोरून पाहिले तर मागची पडलेली भिंत दिसत नाही. म्हणून घराभोवती फिरून पाहावे लागते. बारा रेघा म्हणजे बारा बाजूंनी पाहणे.

हे कशासाठी, तेही सांगतो. आपल्या चांदा-गडचिरोलीकडे मालगुजारी तलाव आहेत. तलावाचे पाणी पाटाने बांध्यांना जाते. एखादा पाट गाळाने बुजला तर त्याच्याखालच्या बांध्या वाळतात. बाकीचे शेत हिरवे राहते. कोणते धान पिवळे पडले ते पाहून जाणता शेतकरी सांगतो की, अमुक पाट बुजला आहे. हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते आणणाऱ्या बारीक नळ्या असतात. तंबाखू, विडी, वाढलेला रक्तदाब, शुगर, तुपातेलाचा अतिरेक यांनी त्या नळ्या आतून चिंचोळ्या होतात. कधी तेथे रक्ताची गाठ अडकते. मग त्या नळीखालचे हृदयाचे मांस उपाशी मरू लागते. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. अशा वेळी पट्टीवर पुष्कळदा असे दिसते की, सुळक्यानंतर रेघ खाली सपाटीवर यायची ती येत नाही, वरच अडून राहते. बारांपैकी कोणत्या रेघांत असे आहे, त्यावरून कोणता पाट बुजला ते डॉक्टर ओळखतात.

ओळखले की इलाज सुरू होतो. गाठ विरघळवणारे इंजेक्शन असते. मोठ्या शहरात हाताच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून बुजलेली जागा मोकळी करतात. पण हे लवकर व्हावे लागते. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या बारा तासांत देतात आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सगळ्यांत चांगला येतो. धान पुरते वाळल्यावर पाट उकरून काय उपयोग? म्हणून छाती दुखत असलेला माणूस दवाखान्यात आला की दहा मिनिटांच्या आत पट्टी काढावी, असा डॉक्टरांमध्ये नियम आहे. तुम्हाला रांगेत उभे केले तर मोठ्याने सांगा, "छातीत दुखते आहे." त्या वेळी भिडस्तपणा नको.

कोणते दुखणे काळजाचे समजावे? छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखे, ओझे ठेवल्यासारखे. दुखणे डाव्या हातात, खांद्यात, पाठीत, जबड्यात जाणे. थंड घाम, मळमळ, ओकारी, दम लागणे. यातले सगळेच असेल असे नाही. बायांना आणि शुगरच्या रोग्यांना कधी छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते. आपल्या भागात सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. त्यांच्या छातीत दुखले तर तेही तातडीचे असते. त्याचे कारण वेगळे असू शकते, पण दवाखान्यात जाणे तेवढेच जरूर.

आता पट्टीला काय कळत नाही, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. पट्टी म्हणजे त्या काही सेकंदांची हकीकत. कोतवाल गावातून फिरला तेव्हा चोर दिसला नाही, म्हणून चोर नाहीच असे होत नाही. झटक्याच्या सुरुवातीला कधी कधी पट्टी चांगली येते. म्हणून डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढतात आणि रक्तही तपासतात. "एकदा काढली, चांगली आली, आता पुन्हा कायले?" असे म्हणून उठून येऊ नका. मी मघा सांगितले, चार वेळा काढली तरी अपाय नाही.

चालताना, चढ चढताना छाती दुखते आणि बसले की थांबते, अशा माणसाची स्वस्थ निजलेली पट्टी अगदी सरळ येऊ शकते. मग त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवून पट्टी काढतात. हृदयाच्या झडपा कशा आहेत हे पट्टीत दिसत नाही. त्यासाठी आवाजाच्या लहरींची तपासणी असते, तिला इको म्हणतात. तीही दुखत नाही. कोणाची छाती मधूनच धडधडते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबते. त्याच्या कमरेला लहान यंत्र बांधून दिवस-रात्रीची रेघ घेतात. ते बांधून घरी जाता येते.

आपल्या गडचिरोलीत चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था काढली. त्यांच्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव आहे. आदिवासी लोकांना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते, म्हणून त्यांना विचारून तो गावासारखा, झोपड्यांसारखा बांधला. हे सांगण्याचे कारण असे की, या अभय बंगांनाच वयाच्या 44 व्या वर्षी हृदयविकार झाला. स्वतः डॉक्टर, दुसऱ्यांना बरे करणारे, आणि तरी झाला. पुढे त्यांनी त्यावर 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे मराठी पुस्तक लिहिले. ते पुष्कळ खपले. तुमचे वाचन आणखी वाढले की ते वाचनालयातून आणून वाचा. काळजाचे दुखणे फक्त म्हाताऱ्यांना किंवा शहरातल्या लठ्ठ शेठजींना होते, ही समजूत मी तरी तेव्हापासून सोडली.

पट्टी कोठे काढतात? ग्रामीण रुग्णालयात आणि अहेरीसारख्या उपजिल्हा रुग्णालयात काढतात. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात तर काढतातच. प्राथमिक आरोग्य केंद्रात काही ठिकाणी यंत्र असते, काही ठिकाणी नसते. आपल्या केंद्रात आहे का, हे आजच आशाताईला विचारून ठेवा. दुखू लागल्यावर विचारपूस करत बसायला वेळ नसतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा कारभार वेगळ्या खात्याकडे असतो. तेथे काय पडते ते विचारून घ्यावे. 108 नंबरची गाडी 2014 पासून आपल्या राज्यात आहे. तिला पैसे पडत नाहीत. पुढे मोठा इलाज लागला तर महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजना आहे. ती 2012 साली वेगळ्या नावाने पहिल्याने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला गडचिरोली होता. राशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून ठेवावे.

अंतराची अडचण मी जाणतो. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. भामरागड पर्लकोटेच्या पुराने कितीदा तुटले आहे. पण हॉलंडच्या त्या डॉक्टरांनी तारेवरून दीड किलोमीटर रेघ नेली होती. आता फोनवरून ती कोठेही जाते. कर्नाटकात मंगळूरचे हृदयाचे डॉक्टर पद्मनाभ कामत यांनी खेड्यांतल्या दवाखान्यांना पट्टीची यंत्रे मिळवून दिली. तेथले डॉक्टर पट्टीचा फोटो फोनवरून पाठवतात आणि शहरातले डॉक्टर ती वाचून काय करावे ते कळवतात. रोगी गाडीत असतानाच पुढची तयारी होते. आपल्या ग्रामसभेत रस्त्यांवर आणि दिव्यांवर पुष्कळ बोलणे होते. आरोग्य केंद्रात पट्टीचे यंत्र आहे का, ते चालू आहे का, त्यात कागद आहे का, हेही विचारायला हरकत नाही. हे माझे मत.

पट्टी जपून ठेवायची असते. पुढच्या वेळी डॉक्टर जुनी आणि नवी जोडून पाहतात, आणि काय बदलले ते त्यांना कळते. माझ्या हातून एक मूर्खपणा झाला, तो सांगतो. मला वाटले, कागद फाटेल, म्हणून मी ती तालुक्याला नेऊन प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतली. यंत्रातून बाहेर आली ती कोळशासारखी काळी! पुष्कळ ठिकाणी पट्टीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. ऊब लागली की तो काळा पडतो आणि उन्हात ठेवला की रेघ पुसट होते. म्हणून तो चुलीजवळच्या आढ्यात खोचू नये. पत्र्याच्या पेटीत साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावा. आणि आधी त्याची झेरॉक्स काढून घ्यावी. झेरॉक्स टिकते. त्यावर नाव, गाव आणि तारीख आपल्या हाताने लिहावी.

मागच्या पोळ्यानंतर वैनीला दम लागू लागला. वय सत्तरीचे. ती म्हणाली, "मले नाही जाचं. तुमच्या दादांनी नाही काढली, मी कायले काढू?" मी तिला पलंगापासून फुग्याच्या वणापर्यंत सगळे सांगितले. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच पुढे बटणाचे पोलके घालून तयार झाली. नर्सबाईंनी पट्टी काढली. डॉक्टरांनी पाहिली, रक्तदाब पाहिला. पट्टी ठीक आहे म्हणाले. पण रक्तदाब वाढलेला निघाला, त्याची गोळी दिली. इकोसाठी जिल्ह्याला जाण्याची चिठ्ठीही दिली.

परत येताना एस.टी.त तिने पट्टी मांडीवर पसरली. ती रात्रीच्या वर्गात आकडे शिकली आहे. बोट ठेवून दोन सुळक्यांमधले चौकोन मोजू लागली. गाडी हलत होती, म्हणून तिचे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा म्हणाली, "चार भरले, बाबू. आता भागाकार तुमी सांगा."